भरलेला वजा रिकामा

एकोणीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर ट्रक तोलते.
आत येताना भरलेला, बाहेर जाताना रिकामा,
भरलेल्यातून रिकामा वजा केला की उरतो गहू.
एवढंच गणित. त्यावर माझं घर चालतं
आणि त्यावरूनच ड्रायव्हर लोक हुज्जत घालतात.

शनिवारी खिडकीतून दिसायचं एरोक्लबचं पिवळं विमान
काल्देनच्या झाडांवरून कलत जाणारं.
या गावात माझ्या काट्यावर न चढता
पुढून निघून जाणारं तेवढंच एक.

बावन्नाव्या वर्षी जाऊन नाव घातलं.
फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता.
मी लिहिलं: वजन.
एर्मेलिंदाने चष्म्यावरून पाहिलं, आणि शिक्का मारला.

ओस्मार बायगोर्रिया मागच्या सीटवर बसतो.
तीस वर्षं सूर्यफुलांवर औषध फवारून
एक कान गेलेला, दुसरा हट्टी.
फार बोलत नाही. दोन बोटं डाव्या खांद्यावर: डावीकडे.
दोन बोटं उजव्या खांद्यावर: उजवीकडे.
डोक्यावर टपली म्हणजे नाक खाली घे, बाई.
आणि एकच शब्द, इंजिनाच्या वर आवाज काढून:
"पाय!"

हात काय, सगळ्यांनाच असतात, म्हणतो तो,
येर्बाचा कडू चहा नळीने ओढत;
विमान हाकायचं पायांनी.
जमिनीवर हे शेपटीला चाक असलेलं जनावर
दावं तुटलेल्या शिंगरासारखं वाटेल तिकडे तोंड करतं.
मी डावा पाय दाबेपर्यंत ते उजवीकडच्या गवतात,
आणि तेरो टिटव्या अंड्यांवरून उठून
माझा उद्धार करतात.

उतरण्याचा धडा तर उलटाच.
"उतरू नकोस," तो म्हणाला,
"जमिनीपासून हातभर वर राहा. राहत राहा.
राहवेनासं झालं की तेच उतरणं."
सतरा तास मला ते कळलं नाही.

डिसेंबरातला एक गुरुवार, कापणी ऐन भरात.
रात्री पाम्पेरो वारा येऊन गेलेला,
आभाळ राखेने घासलेल्या पातेल्यासारखं.
पट्टीच्या टोकाला ओस्मार खाली उतरला, इंजिन चालूच.
मागच्या सीटचे पट्टे त्याने एकमेकांत बांधले,
गाठ ओढून पाहिली,
जणू कुणाला तरी बसवून चाललाय.
"तीन फेऱ्या," म्हणाला, आणि पाठ फिरवून
गवतात बिया सोलत बसला.

मी गणित केलं. शहाऐंशी किलो वजा.
मान्य. कागदावर मान्य.
पण विमान अर्ध्या पट्टीतच उठलं,
मी अजून तयारीच करत होते
तोवर कोठाराचा पत्रा चाकांखालून गेला,
माझी खिडकी, तिच्या आत माझी खुर्ची असणार,
खुर्चीवर विटकी उशी.
वरून काटा केवढासा, काडेपेटीएवढा,
त्यावर एक ट्रक हॉर्न वाजवत उभा,
आज तोलायला कुणी नाही.

खांद्यावर दोन बोटं आली नाहीत.
तरी मी डावीकडे वळले.

उतरले. मग पुन्हा उतरले. मग आणखी एकदा.
सगळं पहिल्याच फेरीत.
बाकीच्या दोन फेऱ्या बऱ्या झाल्या,
म्हणून त्यांचं सांगण्यासारखं काही नाही.
वहीत ओस्मारने लिहिलं: उतरणं पाच, पैसे तिनांचे.

मग त्यांनी मला पंखाखाली उभं केलं,
काळं जळकं तेल ओतलं, दोन अंडी फोडली,
मेकॅनिकच्या क्लेलियाने पीठ उधळलं.
तिने ते चाळून आणलं होतं. का, कोण जाणे.

शुक्रवारी सहाला पहिला ट्रक. केसांना अजून तेलाचा वास.
हा काटा वीस-वीस किलोंनीच सरकतो,
त्याहून बारीक फरक त्याला दिसत नाही.
"बाई, किती?" ड्रायव्हर विचारतो.
मी खिडकीतून लांबवर बघते, पट्टीच्या कडेला
वाऱ्याचा लाल मोजा अर्धवट भरलेला.
"दक्षिणेचा झाला," मी म्हणते.
"अहो, गहू किती?"